फिटची गोळी आणि मायग्रेन

मायग्रेनसाठी फिटची गोळी दिली की पेशंट बिचकतात, असं मायग्रेनवरच्या एका लेखात म्हटलंय. अगदी खरंय! चिठ्ठीवर टोपिरामेट ही फिटची गोळी बघून मीही घाबरले होते, मला कुठे फिट येतात? पण दोन्ही आजारांत मेंदूच्या पेशी चटकन उत्तेजित होतात. मायग्रेनच्या ऑरात (डोकेदुखीच्या आधी येणारी चमक वगैरे लक्षणं) या उत्तेजनेची लाट मेंदूच्या पृष्ठभागावर मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकते, म्हणूनच डोळ्यांपुढची नागमोडी चमक हळूहळू पसरत जाते. गोळी पेशींचा हा उतावळेपणा कमी करते. बोटांना मुंग्या आल्या, सोड्याची चव बिघडली, पण अटॅक खूप कमी झाले. बायकांना कळकळीने सांगते, मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. व्हॅल्प्रोएट या अशाच दुसऱ्या गोळीमुळे गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं, टोपिरामेटलाही धोका आहेच.