गाळलेल्या जागा

"एखादा प्रेरणादायी सिनेमा सुचव ना," असं कुणी म्हटलं की माझी पंचाईत होते. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हरलेला माणूस शेवटी जिंकतो अशी गोष्ट हवी असते. अशा गोष्टी मीही बघते, डोळ्यांत पाणीही येतं. पण त्यांचा अंमल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकत नाही, हा माझा अनुभव. मला वर्षानुवर्षं पुरलेली कामं वेगळीच आहेत. काही सिनेमे, काही पुस्तकं, एखादा फोटो, एक नकाशासुद्धा. एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. तरी सगळ्यांत एक गोष्ट मला सारखी सापडते: करणाऱ्यानं ऐन मोक्याच्या जागी हात आखडता घेतलाय. सहज जमली असती, लोकांना आवडलीही असती, अशी एखादी गोष्ट त्यानं विचारपूर्वक गाळली आहे. कुठलंही काम बघताना मी हल्ली आधी तीच जागा शोधते.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'पासून सुरुवात करते, कारण ही सवय मला तिथूनच लागली.

या सिनेमाबद्दल बोलताना लोक बहुधा तो कसा बनला ते सांगतात. 1952 मध्ये चित्रीकरण सुरू झालं, पैसे संपत राहिले, बायकोचे दागिने गहाण पडले, 1955 मध्ये कसाबसा पूर्ण झाला. काश गवताच्या फुलांचं ते प्रसिद्ध दृश्य अर्धं चित्रित करून मंडळी परतली आणि पुढच्या खेपेला गेली तर गुरांनी सगळी फुलं फस्त केली होती, म्हणून उरलेल्या भागासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. हे सगळं खरं आहे आणि मोठंही आहे. पण चिकाटीच्या अशा कथा प्रत्येक क्षेत्रात सापडतात. मला धरून ठेवतो तो हरिहर घरी परतण्याचा प्रसंग.

हरिहरची मुलगी दुर्गा गेलेली आहे. बाप बाहेरगावी, त्याला पत्ता नाही. बऱ्याच दिवसांनी तो येतो तो खुशीत, चार पैसे मिळालेत, घरच्यांसाठी वस्तू आणल्यात. पडझड झालेल्या घरात तो एकेक वस्तू काढून बायकोला दाखवतो. ती गप्प. मग तो दुर्गेसाठी आणलेली साडी काढतो. सर्वजया, त्याची बायको, ती साडी घट्ट धरते आणि कोसळते. तिचं तोंड रडण्यासाठी उघडलेलं आपल्याला दिसतं, पण आवाज येत नाही. त्या जागी तारशहनाई हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य वाजतं, वरच्या पट्टीत, पटदीप रागाचे सूर. संगीत पंडित रविशंकरांचं, वाजवणारे दक्षिणामोहन ठाकूर.

विचार करा, करुणा बॅनर्जींसारखी अभिनेत्री समोर आहे. ती ते रडणं उत्तम रडली असती यात शंका नाही. कुठल्याही दिग्दर्शकानं तो आवाज ठेवला असता, आणि आपण एका बाईचं रडणं ऐकलं असतं. इथं मात्र आवाज काढून घेतल्यावर ते रडणं तिच्या एकटीचं राहत नाही. ऐकणाऱ्यानं आयुष्यात जो काही आकांत ऐकलाय किंवा दाबलाय तो त्या रिकाम्या जागेत येऊन बसतो. मी हा प्रसंग आवाज बंद करूनही पाहिला आहे, नुसतं संगीत लावूनही ऐकला आहे. दोन्ही वेगवेगळे अपुरे वाटतात. एकत्र आले की अंगावर काटा येतो, आणि इतक्या वेळा पाहूनही तो काटा कमी झालेला नाही.

राय मुळात जाहिरात संस्थेत चित्रकार होते, पुस्तकांची मुखपृष्ठं करत. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या याच कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीला त्यांनी चित्रं काढली होती आणि सिनेमाची कल्पना त्या कामातूनच रुजली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. मुखपृष्ठ करणाऱ्याला तीनशे-चारशे पानांतून एक चित्र उचलायचं असतं आणि बाकी सगळ्यावर पाणी सोडायचं असतं. हा सराव झालेला माणूस कॅमेऱ्यामागे उभा राहिला. सिनेमासाठीही त्यांनी रीतसर पूर्ण पटकथा लिहिली नव्हती, चित्रांची वही केली होती. त्या वहीतली छापून आलेली पानं जरूर बघा. शाईचे चार फटकारे, एक आकृती, प्रकाश कुठून येतोय एवढं. बाकी कोरं.

गंमत म्हणजे त्याच 1955 साली मराठीत 'बनगरवाडी' पुस्तकरूपानं आली. व्यंकटेश माडगूळकरही चित्र काढणारे. कादंबरी जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांची आहे, एका बैठकीत संपते आणि मग संपत नाही. त्यात शेकूचा प्रसंग आहे. जोडीला दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाशेजारी जुवाखाली स्वतः उभी राहते. दुसऱ्या कुठल्या लेखकाच्या हाती हा प्रसंग लागला असता तर दारिद्र्यावर पानभर मजकूर आला असता, निवेदक मास्तर गहिवरला असता, समाजाला जाब विचारला गेला असता. माडगूळकर दिसतं ते सांगतात आणि पुढं जातात. कळवळा नाही म्हणून ते थांबतात असं नव्हे. वाचणाऱ्यालाही डोळे आहेत हे त्यांना ठाऊक आहे. शेवटी दुष्काळ पडतो, माणसं एकेक करून निघून जातात, तेव्हाही वाक्यं तेवढीच लहान आणि आवाज तेवढाच खालचा राहतो. काही लिहायला बसण्याआधी मी हे पुस्तक कुठूनही उघडून दोन पानं वाचते. विशेषणं आपोआप गळून पडतात.

डिझाइनकडे वळते, कारण तिथं ही गाळण्याची कला अगदी उघड्यावर दिसते आणि तिचे धोकेही.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा तुम्ही कुठं ना कुठं पाहिलाच असेल. रंगीत रेषा, आडव्या, उभ्या, नाहीतर 45 अंशांत तिरक्या. तो हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं 1931 मध्ये फावल्या वेळात काढला. त्याआधीचे नकाशे भूगोलाशी इमान राखून होते. त्यामुळे शहराच्या मध्यभागी स्टेशनांची खिचडी आणि कडेला लांबच लांब मोकळ्या रेषा. बेकनं प्रवाशाच्या जागी बसून विचार केला. गाडी जमिनीखाली आहे. वर कुठला रस्ता कसा वळतो याच्याशी आत बसलेल्याला काय देणंघेणं? त्याला दोनच गोष्टी हव्यात: मी कुठल्या गाडीत बसू आणि कुठं बदलू. मग त्यानं अंतरं सोडली, वळणं सोडली, स्टेशनं सारख्या अंतरावर मांडली. आधी हा नकाशा नाकारला गेला, फारच क्रांतिकारक वाटला. 1933 मध्ये छापून लोकांच्या हाती आला आणि लोकांनी तो लगेच उचलला. आज जगातल्या बहुतेक मेट्रोंचे नकाशे याच वळणाचे असतात.

पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळी आहे. एवढं सगळं गाळणाऱ्या बेकनं थेम्स नदी ठेवली. कोनाकोनांची, सरळ रेषांची केलेली, पण ठेवली. गाडी बदलायला तिचा काही उपयोग नाही. तरी नदीच्या अलीकडे की पलीकडे एवढं कळलं की माणसाला आपण कुठं आहोत याचा अंदाज येतो. पुढं 2009 मध्ये नकाशा आणखी सुटसुटीत करायचा म्हणून कुणीतरी ती नदीही काढून टाकली. लोकांनी इतका आरडाओरडा केला की महापौरांना मध्ये पडावं लागलं आणि नदी परत आली.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबण लावून सांगतेय. हल्ली 'मिनिमल'च्या नावाखाली जे चाललंय त्यानं माझा जीव वैतागतो. ॲप उघडावं तर बटणं दडवलेली, पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, नुसती चिन्हं, त्यांचा अर्थ ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. वयस्कर माणसं त्या पडद्यापुढं अवघडून बसतात आणि दोष स्वतःला देतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. बेकनं गाळलं ते प्रवाशासाठी. इथं गाळलं जातं ते स्क्रीनशॉट छान दिसावा म्हणून. दोन्हीकडे मोकळी जागा आहे, पण कुणाची सोय बघून ती सोडली हे वापरणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

आणि आता तो फोटो. याच्याबद्दल लिहायला मला सगळ्यात जड जातं, कारण इथं गाळण्याची किंमत एका जिवंत बाईनं मोजली.

1936 ची सुरुवात. अमेरिकेत मंदी. डोरोथिया लँग सरकारी योजनेसाठी स्थलांतरित मजुरांचे फोटो काढत महिनाभर फिरून गाडीनं घरी निघाली होती, पाऊस पडत होता. कॅलिफोर्नियात निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. ती थांबली नाही. सुमारे 20 मैल पुढं गेली आणि मग गाडी वळवून परत आली. तिथं तंबूत बसलेल्या बाईचे तिनं मोजकेच फोटो घेतले. त्यांतला शेवटचा 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) म्हणून जगभर गेला.

या फोटोंच्या निगेटिव्ह अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्ये आहेत आणि कुणालाही ऑनलाइन बघता येतात. फोटोग्राफी शिकणाऱ्या प्रत्येकानं ते ओळीनं मांडून बघावेत, असं मी अगदी आग्रहानं सांगेन. आधी दुरून अख्खा तंबू, आजूबाजूचा चिखल, मोठी मुलगी. मग लँग एकेक पाऊल पुढं सरकते. तंबू कापला जातो, सामान कापलं जातं, मोठी मुलगी चौकटीबाहेर जाते. शेवटच्या फोटोत आई, मांडीवर तान्हं बाळ आणि खांद्यांवर टेकलेली दोन मुलं. त्या दोघांनी चेहरे फिरवलेले आहेत, म्हणून आपली नजर एकाच चेहऱ्यावर जाऊन थांबते, आणि गालाला टेकलेल्या तिच्या हातावर. किती कमी वेळात, किती नेमकं काढून टाकलंय! पुढं 1939 मध्ये लँगनं कोपऱ्यात दिसणारा एका हाताचा अंगठासुद्धा निगेटिव्हवरून पुसून घेतला.

पण तिनं आणखी एक गोष्ट गाळली. बाईचं नाव विचारलं नाही. हे तिनं स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. फोटो वर्तमानपत्रात आल्यावर तळावर अन्नाची मदत पोचली, पण तोवर ते कुटुंब पुढं निघून गेलं होतं. बाईचं नाव होतं फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, आणि ते जगाला कळायला 1978 उजाडलं. ती मूळची चेरोकी, म्हणजे अमेरिकेच्या आदिवासींपैकी. फोटोनं ही ओळखही पुसली. या कुटुंबानं पोटासाठी गाडीचे टायर विकले असं लँगच्या टिपणात होतं, ते साफ खोटं आहे असं घरच्यांनी सांगितलं. आपला चेहरा साऱ्या जगाच्या तोंडी, आणि आपल्याला त्यातून काहीच मिळालं नाही, ही तिची तक्रार होती. लँगलाही त्या फोटोचं मानधन वेगळं मिळालं नव्हतं, फोटो सरकारच्या मालकीचा. तरी नाव झालं ते लँगचं.

मी या फोटोवर प्रेम करते आणि मला तो टोचतो, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नाव लिहिलं असतं तर फोटो तितकाच थोर राहिला असता का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारते. राहिला असता, असंच माझं मत आहे. तंबू गाळणं ही नजर होती. नाव न विचारणं ही घाई होती, आणि त्या काळच्या सरकारी कामाची पद्धतही. गरीब माणसाचा फोटो काढून खाली नुसतं 'कष्टकरी माता' लिहिणारे आजही ढिगानं दिसतात. विचारा की हो नाव. दोन मिनिटं लागतात. आणि तिनं 'नको' म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या.

शेवटी आपल्याच भाषेतल्या एका सिनेमाबद्दल, कारण त्यावर व्हायला हवं तेवढं बोललं गेलं नाही असं मला वाटत आलंय. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', 2014. वेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका लोकशाहिरावर खटला भरलाय, त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरून काम करणाऱ्या एका माणसानं आत्महत्या केली म्हणे. विषय असा की घणाघाती भाषणं, टेबलावर आपटलेल्या मुठी, शेवटी न्याय, सगळं आयतं समोर होतं. ताम्हाणेनं यातलं काहीही घेतलं नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, लांब उभा. कुणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन 'हा बघा खलनायक' असं तो सांगत नाही. सरकारी वकील बाई लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, तुमच्या-आमच्यासारखीच. गीतांजली कुलकर्णींनी ती भूमिका अशी केलीय की तिचा राग करायला जावं आणि करता येऊ नये. शाहीर झालेले वीरा साथीदार तर स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. क्लोजअप नाहीत म्हणून सबंध चौकट आपल्यालाच वाचावी लागते: मागच्या बाकावर कोण पेंगतंय, कारकून काय करतोय, पुढची तारीख किती सहज दिली जातेय.

पहिल्यांदा हा सिनेमा दाखवला तेव्हा माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, यात काही घडतच नाही." मी वाद घातला नाही. काही दिवसांनी तिचाच फोन आला, आणि तासभर ती फक्त त्या तारखांबद्दल बोलत होती.

कोर्टाला सुट्टी लागते तो भाग सिनेमाच्या शेवटाकडे येतो. दालन रिकामं होतं, दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. बरेच जण सिनेमा संपला समजून तिथंच उठतात. तुम्ही बघणार असाल तर तेवढं मात्र करू नका. बसून राहा. पुढं अजून आहे, आणि ते मी इथं सांगणार नाही.