टीआरपी असेपर्यंत चारित्र्य चांगलंच असतं

'मुलगी झाली हो' मालिकेतून वाहिनीनं काढलेल्या किरण माने या नटाचा विषय कोणी काढला ते आठवत नाही. पण बंड्या म्हणाला, "वाहिनीनं केलं ते बरोबरच होतं," आणि नंदूने भेळेचा कागद बाजूला ठेवला. साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर आमच्यासोबत बसणाऱ्यांना कळलं, आता अर्धा तास कोणी घरी जात नाही.

"काय बरोबर केलं?" नंदू.

"बेशिस्त खपवून घेतली नाही. मालिका म्हणजे संस्कार असतात, नंदकुमार. आया-बहिणी बघतात." बंड्या हे सगळं भाषणाच्या सुरात बोलतो, समोर चार माणसं असोत की चारशे.

"तू बघतोस का?"

"मी? छे. आई लावते, कानावर पडतं."

"मग तेव्हा किरणच्या त्या विलास पाटलाचा कुर्ता कुठल्या रंगाचा होता ते दुकानात कोण सांगत होतं?"

पक्या खो खो हसला. मेघा हसली नाही. ती शाळेतून थेट आली होती, दमलेली होती आणि तिला या विषयावर खरंच बोलायचं होतं.

नंदूबद्दल सांगायला हवं. वाई-मेणवलीकडे शूटिंग लागलं की बरेचदा जनरेटर याचा असतो. आम्ही पडद्यावर बघतो ते हा वायरी गुंडाळताना बघतो. त्यामुळे मला त्याचंच पटतं, आणि ते मी लपवणार नाही.

"2022 च्या जानेवारीत तो म्हणाला, राजकीय पोस्टमुळे काढलं," नंदू सांगू लागला. "वाहिनी म्हणाली, सहकलाकार बायकांशी वागणं नीट नव्हतं, समज देऊनही ऐकलं नाही. सेटवरच्या काही जणी एका बाजूला, काही जणी दुसऱ्या. गुळुंबच्या ग्रामपंचायतीनं तर शूटिंगच थांबवायला सांगितलं. खरं काय ते मला माहीत नाही आणि बंड्या, तुलाही नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो कुठं होता?"

"बिग बॉसच्या घरात," पक्या.

"दुसऱ्या वाहिनीवर! एकीनं बायकांशी नीट वागत नाही म्हणून काढला, दुसरीनं बायकांसकट एका घरात कोंडून शंभर दिवस दाखवला. तिसरा आला तो. सातारचा बच्चन म्हणून तूच स्टेटस ठेवला होतास, बंडोपंत."

"ते गावासाठी होतं," बंड्या पुटपुटला.

"शिल्पा शिंदेचंही तेच की," पक्या म्हणाला. "2016 ला 'भाभीजी घर पर हैं' या हिंदी मालिकेतून बाहेर. निर्माते म्हणाले हिनं करार मोडला, ती म्हणाली मला छळलं. 2018 च्या जानेवारीत बिग बॉस जिंकून मोकळी. एकाच्या दारातली कटकट दुसऱ्याला जाहिरात म्हणून उपयोगी पडते."

इथे मेघाने तोंड उघडलं. "तुम्ही सगळे त्या माणसाचं काय झालं तेवढंच मोजताय. ज्या बायकांनी तक्रार केली असं वाहिनी सांगते, त्यांचं काय झालं? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, 2013 चा कायदा आहे. नव्वद दिवसांत चौकशी पुरी करायची. तक्रार खरी असेल तर त्या बायकांना न्याय मिळाला, असं दिसायला नको? आणि खोटी असेल तर त्याला?"

"नव्वद दिवस?" नंदू म्हणाला. "मेघा, त्या धंद्यात नव्वद दिवसांत चेक निघत नाही, चौकशी कुठून निघणार?"

हे वाक्य मी त्या रात्री घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं. मालिकेतल्या नटाला दिवसाच्या हिशोबाने पैसे ठरतात आणि हातात पडायला तीन महिने लागतात. करार निर्मात्याशी असतो. निर्मात्याला वाहिनी भागाप्रमाणे पैसे देते, मालिका वाहिनीच्या मालकीची राहते. ज्याचा चेहरा घराघरात ओळखला जातो, त्याच्या हातात पात्राचं नावही नसतं. वाहिनीनं वर नजर बारीक केली की निर्माता खाली माणूस बदलतो. गुरुवारी आकडे आले की कोणाच्या नखऱ्यांना "कलावंताचा स्वभाव" म्हणायचं आणि कोणाच्या नखऱ्यांना "गैरवर्तन", ते ठरतं.

"बदली होते तो दिवस बघितलायस का कधी?" नंदू बंड्याकडे वळला. "सकाळी सातचा कॉल. नवा माणूस आला. कुर्ता जुन्याचाच. ड्रेसदादानं पाठीला चार सेफ्टी पिना मारून अंगाबरोबर केला. कॅमेरा समोरूनच ठेवा, पाठ दिसायला नको. लेकीचं काम करणारी पोरगी, वीस-बावीस वर्षांची. आदल्या दिवशीपर्यंत एकाला बाबा म्हणत होती, आज दुसऱ्याच्या गळ्यात पडून रडायचं. तीन टेक गेले. चौथ्याला खरंच रडायला लागली, तर डायरेक्टर म्हणाला, हे ठेवा."

"कुठली मालिका रे?"

"नाव नाही सांगणार. माझे पैसे अडकलेत तिथं अजून."

बंड्या गप्प बसणाऱ्यातला नाही. "आणि सिद्धू? पुलवामाच्या हल्ल्यावर नको ते बोलला आणि कपिल शर्माच्या शोमधून गेला की नाही? तिथं कुठला टीआरपी? ते देशासाठी होतं!"

"देशासाठी असतं तर वाहिनी स्वतःहून आधी बोलली असती," नंदू म्हणाला. "लोकांनी शोवर बहिष्काराची हाक दिली, मग खुर्ची हलली. अर्चना पूरणसिंग येऊन बसली, लोक पुन्हा हसायला लागले, जाहिराती चालू. बरं, संगीतकार अनू मलिकचं सांग. 2018 ला मी टूचे आरोप झाले, इंडियन आयडॉलच्या परीक्षकाच्या खुर्चीतून बाहेर. 2019 ला परत आत. पुन्हा ओरड झाली, महिला आयोगाचं पत्र आलं, नोव्हेंबरमध्ये परत बाहेर. 2021 ला दमणला शूटिंग हलवलं, तेव्हा पुन्हा आत. तो म्हणतो आरोप खोटे. असतील. पण मग बाहेर का काढला? आणि खरे असतील तर आत कशाला घेतला? आरोप तेच, माणूस तोच. बदलला काय तर आरडाओरडीचा आवाज."

मेघा म्हणाली, "हेच. बाईची तक्रार म्हणजे यांच्या खिशातली पावती. लागेल तेव्हा काढायची, नाहीतर घडी घालून ठेवायची."

पक्या पाच वर्षं न्यू जर्सीला होता, त्यामुळे त्याच्याकडे अमेरिका असतेच. या वेळी मात्र ती कामाला आली. बिल ओ'रायली, तिथल्या फॉक्स न्यूज वाहिनीचा सगळ्यांत मोठा चेहरा. 2017 च्या 1 एप्रिलला न्यूयॉर्क टाइम्सने छापलं की त्याच्याविरुद्ध छळाच्या आणि गैरवर्तनाच्या तक्रारी करणाऱ्या पाच बायकांची प्रकरणं सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलर देऊन मिटवली गेली होती. त्यातलं एक 2004 सालचं, तेव्हाही गाजलेलं. त्याने सगळं नाकारलं. पण पन्नासहून जास्त जाहिरातदारांनी त्याच्या कार्यक्रमातून अंग काढून घेतलं आणि 19 एप्रिलला त्याला घरी पाठवलं.

नंदूने बोटांवर मोजलं. "म्हणजे तेरा वर्षं बायका खोट्या होत्या आणि तीन आठवड्यांत खऱ्या झाल्या?"

कोणालाच उत्तर सुचलं नाही. मला राग आला, आणि तो त्या ओ'रायलीपेक्षा त्याच्या मालकांचा जास्त आला. त्यांना 2004 पासून ठाऊक होतं. त्या तेरा वर्षांत त्याच ऑफिसात नोकरीला लागलेल्या पोरींना कोणी सावध केलं असेल?

"पण एक उलटं उदाहरण आहे," पक्या म्हणाला. "जेरेमी क्लार्कसन. बीबीसीच्या टॉप गिअरचा सूत्रसंचालक. मोटारींचा, जगभर विकला जाणारा कार्यक्रम. 2015 च्या मार्चमध्ये गरम जेवण मिळालं नाही म्हणून निर्मात्याला मारलं. बीबीसीनं आधी निलंबित केलं, चौकशी केली, काय आढळलं ते जाहीर केलं आणि करार वाढवला नाही. सगळं तीन आठवड्यांत. नुकसान सोसून."

"बघ! संस्कार!" बंड्या उसळला.

"संस्कार नाहीत लेका, लायसन्स फी," पक्या म्हणाला. "तिथं घरटी पैसे भरतात लोक. जाहिरातदाराचं तोंड बघावं लागत नाही. बाहेर पडल्यावर त्याला ॲमेझॉननं उचललाच की."

"उचलू दे," मेघा म्हणाली. "चौकशी झाली, निकाल सांगितला, मार खाणाऱ्याला कळलं की आपलं ऐकलं. मी तेवढंच मागतेय."

बंड्या म्हणाला, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत धंदाच दिसतो, शिस्त नावाची काही चीज असते. इथे त्याने चूक केली, कारण नंदूला गणेशोत्सव आठवला.

"शिस्त म्हणजे, 94 साली मंडळाच्या नाटकात तुला इन्स्पेक्टरच्या कामातून काढलं होतं, तशी?"

"ते वेगळं होतं."

"अध्यक्ष म्हणाले होते, बंडूची बेशिस्त वाढलीय."

"कसली बेशिस्त!" बंड्या उभाच राहिला. तीस वर्षं झाली तरी जखम ओली आहे. "एक दिवस उशीर झाला, तोही आईनं दळणाला पाठवलं म्हणून! त्या कापडवाल्यानं मांडवाचे पैसे दिले होते आणि त्याच्या पुतण्याला वर्दी घालायची होती, म्हणून मला..."

आणि तो थांबला.

मेघा इतकी हसली की तिला ठसका लागला. पक्याने पाण्याची बाटली दिली, पण ती हसतच होती. "अरे मग आम्ही मघापासून वेगळं काय सांगतोय?"

"तो पुतण्या भिकार काम करायचा," बंड्या हट्टाने म्हणाला. "मला अजून पाठ आहे." आणि भर चौपाटीवर, छाती पुढे काढून, एक पाय कट्ट्यावर ठेवून त्याने इन्स्पेक्टरची एंट्री करून दाखवली. दुसऱ्याच वाक्याला अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला. बाजूच्या गाडीवरचा पोरगा हातातला झारा तसाच धरून बघत होता.

नंदू डोळे पुसत म्हणाला, "कापडवाल्यानं उगाच पैसे घातले रे. याला तसाही पहिल्याच तालमीला काढला असता."