हिरवा त्रिकोण म्हणजे सेंद्रिय नव्हे

‘रंग ओळखा, फसवणूक टाळा’ हा मेसेज शिरपूर-चोपड्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले दावे तीन. टूथपेस्टच्या ट्यूबवरची पट्टी हिरवी तर माल नैसर्गिक, काळी तर केमिकल. फवारणीच्या बाटलीवर हिरवा त्रिकोण असेल तर औषध सेंद्रिय, तोंडाला रुमालही नको. आणि कवटी नसेल तर विष नाही. घरचाच माणूस कपाशीत पंप घेऊन उतरताना ‘हिरवं शे, काही व्हत नही’ म्हणायला लागला, की गप्प बसवत नाही.

टूथपेस्टचं दोन ओळींत. ती पट्टी मशीनच्या सेन्सरसाठी असते, ट्यूब कुठे कापायची-चिकटवायची ते कळावं म्हणून. ट्यूबवर उठून दिसेल तो रंग घेतात.

आता हिरवा त्रिकोण. कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम १९ वाचा. लेबलाच्या दर्शनी भागाचा निदान सोळावा हिस्सा व्यापेल असा, कोनावर उभा केलेला चौकोन छापावा लागतो. वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. तोच आपला ‘त्रिकोण’. चाचणीतले निम्मे प्राणी दगावायला, दर किलो वजनामागे तोंडावाटे किती मिलिग्रॅम लागतं, त्यावर मुख्यतः रंग ठरतो: १ ते ५० लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. माल कारखान्यातला की निंबोळीचा, हे त्यात कुठेच येत नाही. अळीवरचं क्लोरँट्रानिलिप्रोल पक्कं रासायनिक, तरी त्रिकोण हिरवाच.

बरं, निंबोळीच्या औषधावरही बहुधा हिरवाच असतो, आणि हिरवं लालपेक्षा कमी जहाल, एवढं मान्य. पण तो आकडा एका दमात पोटात गेलेल्या विषाचा आहे. डोळ्यात उडालं तर काय, काढणीआधी किती दिवस थांबायचं, ते लेबलावर आणि आतल्या माहितीपत्रकात वेगळं वाचावं लागतं.

चिन्हांना अर्थ कसा येतो ते अभ्यासणाऱ्या चिन्हमीमांसेत स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचा हाच तर मुद्दा: चिन्हाला अर्थ अंगचा नसतो, शेजारच्या चिन्हांपासून ते वेगळं असतं त्यातून तो येतो. खाण्याच्या पुड्यांवर हिरव्या ठिपक्याच्या जोडीला मांसाहाराची तपकिरी खूण, म्हणून तिथे हिरवं म्हणजे शाकाहारी. बाटलीवर त्याच्या रांगेत लाल, पिवळा, निळा. तिथे हिरवं म्हणजे विषांतलं सगळ्यात सौम्य. मेसेजवाल्याने एका रांगेतला हिरवा उचलून दुसरीत घातला. त्यात आपण विषालाच ‘औषध’ म्हणतो.

कवटीचा दावा मात्र जीवघेणा. नियमाप्रमाणे कवटी फक्त लाल गटाला. पिवळ्यावर ती नसते, पण लाल अक्षरांत ‘पॉयझन’ असतं. निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. तुडतुड्यांवर मारतात ते इमिडाक्लोप्रिड पिवळ्यातलं. कवटी निरक्षरालाही थांबवते, ‘पॉयझन’ वाचावं लागतं. कवटी शोधून सापडली नाही म्हणून उघड्या हाताने द्रावण ढवळणारा नेमका इथेच फसतो.

आणि उरलेलं कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवलं, की कवटी, रंग, शब्द सगळंच मागे राहतं. नवी बाटली पोराला एकच सांगते: पी.