विंडोज सोडलं म्हणजे हिशोब बुडाला? त्या फॉरवर्डमधल्या एकेका मुद्द्याला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून मावस-चुलत भावंडांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय, मला एकट्याला तो चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: विंडोज १० बंद झालंय, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, तिथे हिशोबाचं एकही सॉफ्टवेअर चालत नाही, वर्षानुवर्षांचा डेटा उघडत नाही, बँकेच्या आणि इन्कम टॅक्सच्या साइट चालत नाहीत, फुकटातली सॉफ्टवेअर माहिती चोरतात, मराठी तर दिसतच नाही, तेव्हा एकतर नवा लॅपटॉप घ्या नाहीतर सगळा हिशोब मोबाइलच्या ॲपमध्ये टाकून मोकळे व्हा.

हा मेसेज वाचून घाबरतात ती बहुतेक रिटायर्ड माणसं, ज्यांनी वीस वीस वर्षं पै-पैचा हिशोब ठेवलाय आणि ज्यांना तो हरवण्याची खरंच भीती वाटते. माझे बाबा त्यातलेच. अमेरिकेत कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं होते तेव्हा त्यांनी मायक्रोसॉफ्ट मनी हे घरगुती हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरायला सुरुवात केली आणि परत आल्यावरही सोडलं नाही. त्यांचा सगळा हिशोब गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी विंडोजवरून लिनक्स मिंटवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, हलवला, म्हणून प्रत्येक मुद्द्यावर काय खरं आणि काय खोटं ते सांगतो. सगळंच खोटं नाहीये, ते पण सांगतो.

पहिलं, "विंडोज १० बंद झालं". बंद झालं म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले, कॉम्प्युटर चालू व्हायचा थांबला नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेटची सोय ठेवलीये, सेटिंग्ज त्यांच्या अकाउंटला सिंक केल्या तर त्याला पैसेही पडत नाहीत. म्हणजे घाई करायचं काही कारण नाही आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण हिशोबाचा डेटा बुडतो तो घाईत फॉरमॅट मारल्यामुळे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा, तो त्यात बसत नाही. पण मशीन ठणठणीत आहे, आठ जीबी रॅम आहे, एसएसडी टाकलीये, ते भंगारात का घालायचं?

"हिशोबाचं एकही सॉफ्टवेअर चालत नाही." हे सरळ चूक आहे. जीएनयूकॅश, केमायमनी, होमबँक ही तिन्ही लिनक्सवर नीट चालतात आणि तिन्ही फुकट आहेत. जीएनयूकॅश तर १९९८ पासून आहे आणि मुळात लिनक्सच्याच जगात वाढलेलं आहे. ते डबल एंट्रीवर चालतं, म्हणजे ज्यांनी घरात कीर्द-खतावणी बघितलीये त्यांना ते परकं वाटायचं कारण नाही, प्रत्येक रकमेला एक जमेची बाजू आणि एक नावेची बाजू, किराणा दोन हजार म्हणजे खर्चाच्या खात्याला नावे आणि बँकेच्या खात्याला जमा. बाबांना मेन्यू बघितल्यावर पाच मिनिटांत कळलं, कारण आजोबांचं दुकान होतं आणि रोजमेळ त्यांनी लहानपणी लिहिलाय.

आता यातलं खरं किती ते सांगतो. मायक्रोसॉफ्ट मनी लिनक्सवर सरळ चालत नाही. टॅली विंडोजसाठीच बनवलेलं आहे, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवून बघायची सोय) चालवणारे लोक आहेत पण ज्याच्या धंद्याचा जीएसटीचा हिशोब टॅलीत आहे त्याने वाइनच्या भरवशावर राहू नये, त्याने विंडोजच ठेवावं असं मी स्वच्छ सांगेन. आणि ज्यांच्या एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारे छोटे प्रोग्राम आहेत त्यांनाही त्रास होईल, लिनक्सवर एक्सेलच्या जागी येणाऱ्या लिबरऑफिसमध्ये एक्सआयआरआर, पीएमटी वगैरे नेहमीची सूत्रं चालतात पण मॅक्रो कधी चालतात कधी अडतात. मेसेज लिहिणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं तर मी हे सगळं टाइप करत बसलोच नसतो.

आता मुख्य मुद्दा, "जुना डेटा उघडत नाही". इथे थोडं सविस्तर सांगावं लागेल.

जो आधीपासून विंडोजवर जीएनयूकॅश वापरतोय त्याला काहीच करायचं नाही, तीच फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि लिनक्सवर उघडायची, बस. फक्त दोन गोष्टी लोक विसरतात. एक, तुम्ही सेव्ह करून ठेवलेले रिपोर्ट त्या फाइलमध्ये नसतात, ते विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये वेगळे पडलेले असतात, ते वेगळे आणावे लागतात. दोन, विंडोजवर नवं व्हर्जन आणि लिनक्सवर जुनं असं होऊ देऊ नका, मिंटच्या सॉफ्टवेअर स्टोअरमध्ये "फ्लॅटपॅक" असं लिहिलेलं नवं व्हर्जन मिळतं ते घ्या. व्यवहारांना बिलं जोडलेली असतील तर त्यांचे पत्ते सी ड्राइव्हचे असतात, ते पण तुटतील, नवीन फोल्डर एकदा सांगून द्यायचं.

मनीसारख्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरमधून यायचं तर मधे एक पूल लागतो आणि तो पूल म्हणजे क्यूआयएफ फाइल. ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून डोळ्याने वाचता येते, डी पुढे तारीख, टी पुढे रक्कम, पी पुढे कोणाला दिले ते, आणि प्रत्येक नोंद संपली की एक छोटं टोपीसारखं चिन्ह. मनी बंद झालं २००९ मध्ये, विक्री थांबली, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने शेवटची सनसेट आवृत्ती फुकट दिली, आणि तरीही आज २००५ च्या नोंदी बाहेर काढता येतात. एक्सपोर्ट मात्र विंडोजवर असतानाच करायचं, एकेक खातं वेगळं. बाबांची अकरा खाती होती, तासाभराचं काम.

इथे माझ्या दोन चुका झाल्या त्या सांगतो म्हणजे तुमच्या होणार नाहीत. बाबांच्या विंडोजची तारीख अमेरिकन पद्धतीवर होती, आधी महिना मग दिवस. मोठ्या खात्यांमध्ये १७, २५, ३० अशा तारखा असतात त्यामुळे महिना कुठला ते सॉफ्टवेअरला आपोआप समजतं, पण रिकरिंग डिपॉझिटचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जायचा, त्या फाइलमध्ये पाचशिवाय दुसरी तारीखच नाही, तेव्हा जीएनयूकॅशने मला विचारलं की दिवस आधी की महिना आधी, मी सवयीने दिवस आधी म्हटलं. झालं, वर्षाचे बाराही हप्ते १ मे ते १२ मे असे ओळीने येऊन बसले. एकूण रक्कम बरोबर, शिल्लक बरोबर, वर्षाची बेरीज बरोबर, त्यामुळे आधी कळलंच नाही, ३१ मार्चची शिल्लक पासबुकाशी लावून बघितली तेव्हा कळलं.

दुसरी चूक अशी की मी एकेक खात्याची फाइल वेगवेगळ्या वेळी आत घेतली. बचत खात्यातून रिकरिंगमध्ये गेलेले पैसे बचतच्या फाइलमध्ये पण असतात आणि रिकरिंगच्या फाइलमध्ये पण असतात, वेगवेगळं घेतलं तर तोच व्यवहार दोनदा येतो. सगळ्या फाइल एकाच वेळी द्यायच्या, मग जीएनयूकॅश जोड्या लावून घेतं. मी सगळं पुसून परत पहिल्यापासून केलं, दुसऱ्यांदा दीड तास लागला.

आणि ताळा कसा जुळवायचा तर प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्चची प्रत्येक खात्याची शिल्लक जुन्या आणि नव्या दोन्हीकडे काढायची आणि शेजारी शेजारी लिहायची, कागदावर, पेनाने. बाबांनी हे काम दोन संध्याकाळी बसून केलं, मी काही सांगितलं नव्हतं. जिथे जुळलं नाही तिथे पासबुक काढलं, आणि एका ठिकाणी २०११ मधली त्यांचीच एक चुकीची नोंद सापडली जी चौदा वर्षं तशीच होती.

खरं तर सगळ्यांनी सगळा इतिहास आणलाच पाहिजे असंही नाही. १ एप्रिलची ओपनिंग शिल्लक घालायची, जुन्या वहीतून नव्या वहीत शिल्लक पुढे ओढतात तशी, आणि मागचं सगळं पीडीएफ करून ठेवायचं, बऱ्याच जणांना एवढं पुरतं. पण शेअर आणि म्युच्युअल फंड असतील तर मात्र सावध. विकताना कॅपिटल गेन काढायला खरेदीची तारीख आणि किंमत लागते, आधी घेतलेली युनिट आधी विकली असं धरलं जातं, आणि इक्विटीमधलं जे १ फेब्रुवारी २०१८ च्या आधी घेतलंय त्याला ३१ जानेवारी २०१८ ची किंमत पण लागते. क्यूआयएफमधून खरेदी-विक्री येते पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. म्युच्युअल फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या कंपन्यांचं एकत्र स्टेटमेंट पहिल्या दिवसापासूनचं मागवता येतं, ते मागवून युनिट तीन दशांशांपर्यंत जुळवून घ्या. रोजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ॲम्फी ही फंड कंपन्यांची संघटना साध्या टेक्स्ट फाइलमध्ये देते आणि जीएनयूकॅश ती आपोआप ओढू शकतं, भारतातल्या फंडांसाठी त्यात वेगळी सोय आहे. लिनक्सवर हे होत नाही म्हणणाऱ्याने एकदा करून बघावं.

बँकेचं आणि इन्कम टॅक्सचं थोडक्यात सांगतो. नेटबँकिंग ब्राउझरमध्ये चालतं आणि क्रोम, फायरफॉक्स दोन्ही लिनक्सवर आहेत, यूपीआय फोनवर असतं. रिटर्न, म्हणजे आयटीआर १ ते ४, पोर्टलवर ऑनलाइन भरता येतात आणि आधारच्या ओटीपीने तीस दिवसांच्या आत व्हेरिफाय करता येतात, पेन्शनरला याच्या पलीकडे सहसा काही लागत नाही. अडचण येते ती इन्कम टॅक्स खात्याच्या एक्सेलवाल्या युटिलिटीत, तिच्यात मॅक्रो आहेत, ती लिबरऑफिसमध्ये चालणार नाही. डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी सुद्धा आधी त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर आहे का ते बघूनच पाऊल उचलावं.

"फुकटातली सॉफ्टवेअर माहिती चोरतात." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. जीएनयूकॅशची फाइल तुमच्या डिस्कवर असते, त्याला तुमचा मोबाइल नंबर लागत नाही, ईमेल लागत नाही, एसएमएस वाचायची परवानगी लागत नाही, आणि त्याचा सोर्स कोड कोणीही उघडून बघू शकतं. हेच लोक पुढच्या ओळीत सांगतात की हिशोब मोबाइल ॲपमध्ये टाका, जे तुमचे सगळे बँकेचे एसएमएस वाचायची परवानगी मागतं! काळजी घ्यायची असेल तर ती इथे घ्या की जीएनयूकॅश स्वतः फाइलला पासवर्ड लावत नाही, म्हणून मिंट टाकताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो तो निवडा आणि तो पासवर्ड घरातल्या दुसऱ्या एका माणसाला माहीत असू द्या. आमच्याकडे आईकडे आहे.

आणि ॲपमध्ये टाकून मोकळं होता येत नाही. अमेरिकेत मिंट नावाची हिशोबाची ऑनलाइन सेवा होती, लिनक्स मिंटशी तिचा काही संबंध नाही, इंट्यूटसारख्या मोठ्या कंपनीची, लाखो लोक वापरायचे, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. लोकांना तिथूनही डेटा हलवावाच लागला, फक्त तारीख त्यांच्या हातात नव्हती. नवा लॅपटॉप घेतला तरी तेच, बाबांची मनीची फाइल विंडोज ११ वर नेली असती तरी सॉफ्टवेअर २०१० चंच राहिलं असतं, हलवायचं काम फक्त पुढे ढकललं गेलं असतं.

राहिला मराठीचा मुद्दा. युनिकोड मराठी लिनक्सवर नीट दिसतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, जीएनयूकॅशचा मेन्यू मराठीत करता येतो, प्रदेश भारत निवडला की आकडे १,००,००० असे लाखाच्या स्वल्पविरामाने येतात. पण ज्यांनी नोंदी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केल्यात त्यांना "दूधवाला" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसेल. हा दोष लिनक्सचा नाही, तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या कुठल्याही विंडोजवरसुद्धा असंच दिसेल, तो मजकूर मुळात मराठी म्हणून साठवलेलाच नाही. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून घ्या, आणि हे विंडोजवर, मूळ फॉन्ट समोर दिसत असतानाच करा म्हणजे तपासता येईल. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना पण यूटीएफ-८ वालाच पर्याय घ्या, साधा घेतला तर सगळ्या मराठी नोंदींची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत फिरवता येत नाहीत.

एक शेवटची गोष्ट जी मेसेजमध्ये नाहीये पण बऱ्याच जणांना नडते. लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता चालवून बघाल तेव्हा विंडोजची डिस्क उघडली पण काही लिहिता येत नाही असं दिसलं तर घाबरू नका, विंडोजचा फास्ट स्टार्टअप चालू असल्यामुळे तसं होतं, तो बंद करून विंडोज पूर्ण शटडाउन करा. आणि डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. बाबांची मनीची मूळ फाइल, सगळ्या क्यूआयएफ आणि अकरा खात्यांचे पीडीएफ आज दोन पेन ड्राइव्हवर आहेत, एक घरी आणि एक ताईकडे, आणि जुनी एसएसडी आम्ही ३१ मार्चचा ताळा जुळेपर्यंत पुसली नाही.