बिकिनी बेटाबद्दलचा तो संदेश पुढे पाठवू नका

व्हॉट्सॲपवर सध्या एक संदेश फिरतोय. म्हणे प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेच्या अणुचाचण्या झाल्या, पण बेट आधीच रिकामं केलं होतं, कुणाला काही झालं नाही. आज तिथे प्रवाळ फुललंय, किरणोत्सर्ग एखाद्या शहराइतकाही नाही आणि लोक परत जात नाहीत ते अमेरिकेच्या पैशांसाठी. माझ्या भाचीने हे शाळेच्या प्रकल्पात जसंच्या तसं उतरवलं, म्हणून लिहायला बसले.

‘कुणाला काही झालं नाही’ हे वाचून डोकंच फिरलं. बिकिनीचे 167 रहिवासी 1946 मध्ये हलवले, हे खरं. पण 1 मार्च 1954 ला बिकिनीवर ‘कॅसल ब्राव्हो’ या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीचा स्फोट झाला. अंदाज होता सुमारे 6 मेगाटनचा, झाला 15 मेगाटनचा. पूर्वेला दीडशेएक किलोमीटरवर राँगेलॅप बेटावर माणसं राहत होती, त्यांना कुणीही हलवलं नव्हतं. काही तासांत तिथे पांढरी राख पडू लागली, जळालेल्या प्रवाळाची. मुलं त्या राखेत खेळली. ती पिण्याच्या पाण्यात पडली, जेवणात पडली. मग उलट्या, अंगाची आग, पुढे त्वचेवर जखमा, केस गळणं. त्यांना न्यायला जहाज आलं ते दोन दिवसांनी! वर 1957 मध्ये ‘आता धोका नाही’ म्हणून त्याच बेटावर परत नेऊन सोडलं. स्फोटाच्या वेळी वर्षाचा असलेला एक मुलगा 1972 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. अमेरिकेच्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या 2010 च्या अभ्यासाचा अंदाज असा, की राखेखाली सापडलेल्या त्या 82 जणांमधले निम्म्याहून जास्त कर्करोग या किरणोत्सर्गामुळे. अमेरिकेची सरकारी संस्था हे म्हणते आहे. आणि त्याच राखेत सापडलेले जपानी मच्छीमार बोटीवरचे 23 खलाशी? तेही ‘कुणी’ नव्हेत का?

प्रवाळ परतलं, हे मान्य. पण किमान 28 जाती तिथून नाहीशा झाल्याचं 2008 मध्ये नोंदवलं गेलंय.

किरणोत्सर्गाचं अर्धसत्य आहे. बेटावर नुसतं फिरून येणाऱ्याला आज फारसा धोका नाही. राहणाऱ्याला आहे, कारण त्याला तिथलं खावं लागतं. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी, त्यामुळे नारळाचं झाड त्याच्या जागी किरणोत्सर्गी सीझियम शोषतं आणि ते खोबऱ्यात उतरतं. सत्तरच्या दशकात काही कुटुंबं परतली होती. त्यांच्या शरीरात सीझियम वाढलेलं सापडलं आणि 1978 मध्ये त्यांना पुन्हा उचलावं लागलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 1998 मध्ये स्पष्ट सांगितलं, की आहे त्या स्थितीत, तिथलंच अन्न खाऊन कायमची वस्ती करू नये.

राहता राहिले पैसे. अमेरिकेने काही निधी दिले, नाही असं नाही. पण नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाने 2001 मध्ये बिकिनीच्या लोकांना 56 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, आणि तिजोरीच रिकामी झाल्याने त्यातला एक टक्काही त्यांच्या हाती पडला नाही.