घरपट्टीला मोबाइल नंबर जोडाच, त्या फॉरवर्डचं ऐकू नका

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय. महापालिकेला मोबाइल नंबर देऊ नका, नंबर गेला की घरपट्टी वाढते, पालिकेच्या नावाने आलेली लिंक उघडली की बँक खातं रिकामं होतं, ऑनलाइन पावती कुठे चालत नाही आणि पालिकेने आठवणीचे मेसेज पाठवून कोणी टॅक्स भरत नाही, असं त्यात म्हटलंय. आमच्या मजल्यावरच्या काकू परवा विचारत होत्या की दिलेला नंबर काढून कसा टाकायचा, म्हणून लिहितेय.

पहिला मुद्दा साफ चूक. पुण्यात घरपट्टी ठरते ती जागेचं क्षेत्रफळ, भाग, वापर यावरून काढलेल्या करपात्र मूल्यावर (म्हणजे अंदाजे वार्षिक भाड्यावर), मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर (म्हणजे जागेच्या किमतीवर). तुमच्या मोबाइल नंबराचा त्या हिशोबाशी काहीही संबंध नाही.

उलट नंबर नसला की पैसे जातात, आणि हे आम्ही भोगलंय. आईचा फ्लॅट रीसेलचा, कागदावर नाव चढवलं पण नंबर आधीच्या मालकांचाच राहिला, तो बदलायचं आमच्याकडून राहून गेलं, सगळे मेसेज त्यांना जात राहिले आणि आम्हाला कळलं तेव्हा शास्ती चढलेली. शास्ती म्हणजे थकबाकीवरचा दंड, महिन्याला 2 टक्के, म्हणजे 12,000 थकले तर महिन्याला 240 आणि वर्षाला 2,880 रुपये. वर पुण्यात सुरुवातीच्या मुदतीत भरलं की सर्वसाधारण करात जी 5 ते 10 टक्के सूट मिळते तीही गेली.

पुणेकरांना स्वतः राहत असलेल्या घराच्या घरपट्टीतल्या 40 टक्के सवलतीचंही आठवत असेल. 1970 पासूनची सवलत, मधे बंद झाली, 2023 मध्ये परत मिळाली पण बऱ्याच जणांना त्यासाठी पीटी-3 नावाचा पालिकेचा फॉर्म भरून द्यायचा होता आणि त्याची मुदतही वाढवावी लागली. अशी तारीख वेळेत कळायला मेसेजशिवाय दुसरं काय आहे, पेपर सगळे वाचतात का?

लिंकची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली तर हात लावू नका. सरकारी एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाला आता शेवटी इंग्रजी 'G' अक्षर असतं, ते बघा, आणि तरी शंका असेल तर लिंक सोडा, पालिकेचा पत्ता स्वतः टाइप करा आणि मिळकत क्रमांक टाकून थकबाकी बघा. फसलात तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पण यासाठी नंबरच द्यायचा नाही, हे काही पटत नाही, चोरांकडे तुमचा नंबर तसाही असतो.

पावतीचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नुसार इलेक्ट्रॉनिक कागदाला मान्यता आहे. पीडीएफ सेव्ह करून ठेवा, बस.

राहिलं मेसेजने कोणी भरत नाही हे. रवांडात संशोधकांनी करदात्यांना पत्र, एसएमएस आणि ईमेल पाठवून बघितलं, तिथे एसएमएस आणि ईमेल पत्रापेक्षा जास्त चालले. तो घरपट्टीचा नव्हे, आयकराचा प्रयोग होता, पण विसरणारा माणूस दोन्हीकडे सारखाच. मोठे थकबाकीदार मेसेजने हलत नाहीत हे मान्य, त्यांच्यासाठी जप्ती आहे, पुण्यात तर दारात बँड वाजवून झालाय. पण काकू त्यातल्या नाहीत, त्यांना फक्त तारीख कळायला हवी. काल त्यांच्या जुन्या बिलावरून मिळकत क्रमांक काढला आणि मुलाचा नंबर बदलून त्यांचा स्वतःचा टाकला.