ॲप उठलं म्हणजे झालं?

‘स्टार्टअपच्या (म्हणजे ॲप सुरू होताना त्याची जुळवाजुळव करणाऱ्या) कोडला वेगळ्या टेस्ट नकोत, ॲप सुरू झालं की तो बरोबरच’ हे तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. महापेच्या आमच्या ऑफिसात एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कचं अपग्रेड करताना कुणीतरी यूज-ऑथरायझेशनची (परवानगी आहे का ते बघणारी) ओळ यूज-ऑथेंटिकेशनच्या (आलेला माणूस कोण ते ओळखणारी) वर सरकवली; म्हणजे ओळख पटायच्या आधीच परवानगीची तपासणी. बिल्ड हिरवा, हेल्थ चेक (ॲप जिवंत आहे का ही तपासणी) २००, म्हणजे ‘ठीक’, ॲप छान उठलं. आणि चांगला टोकन (लॉगिनचा डिजिटल पास) असलेल्या प्रत्येकाला ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’! दोन टेस्ट पुरल्या असत्या : टोकनशिवाय ४०१ आणि टोकनसकट २०० यायलाच हवा. पहिली एकटी काही कामाची नाही, ती तर तेव्हाही पासच झाली असती.

टेस्टमध्ये अख्खं ॲप उभं करणाऱ्या वेब-ॲप्लिकेशन-फॅक्टरीचा उल्लेख केलात ते बरं केलंत, पण ती ॲप मुळात डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे डेव्हलपरच्या कामासाठीच्या सेटिंगमध्ये, चालवते हे राहिलं. प्रॉडक्शनसाठीच्या (खऱ्या वापरासाठीच्या) इफमधला, म्हणजे त्या अटीखालचा, कोड मग टेस्टमध्ये कधी फिरतच नाही. एन्व्हायर्नमेंट ठरवणारं यूज-एन्व्हायर्नमेंट वापरून निदान एक टेस्ट प्रॉडक्शन नावाने चालवा. मात्र कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसचा पत्ता) आधी बदला, नाहीतर टेस्ट खऱ्या डेटाबेसवर जाऊन धडकायची. आणि डिपेन्डन्सींची (ॲपच्या भागांना लागणारे इतर भाग नीट जोडलेत का याची) व्हॅलिडेट-ऑन-बिल्ड तपासणी प्रॉडक्शनमध्ये आपोआप होत नाही, ती हाताने चालू करावी लागते.